वाचक विचारतात : ‘द व्हील ऑफ टाइम’च्या चौदा खंडांचं करायचं काय?

प्रश्न : रॉबर्ट जॉर्डन यांची ही फँटसी कादंबरीमालिका वाचायला घ्यावी असं बरेच दिवस मनात आहे, पण चौदा जाडजूड खंड पाहून धीर होत नाही. पहिला खंड वाचून पुढचं ठरवलं तर चालेल का?

उत्तर : पहिल्या खंडावरून ठरवलंत तर फसाल. जॉर्डन यांनी पहिल्या खंडाची, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ची (१९९०), सुरुवात मुद्दाम ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टोल्कीनच्या वळणावर ठेवली आहे. आडबाजूचं खेडं, गूढ पाहुणी, रात्रीचा हल्ला, मागावर असलेला काळा घोडेस्वार. फँटसी मुरलेल्या वाचकाला पहिली दीडदोनशे पानं ‘हे आपण वाचलंय’ असंच वाटणार. त्यात शेवट घाईचा. ज्याची इतकी वाट पाहिली तो संघर्ष थोडक्या पानांत उरकतो आणि नेमकं काय घडलं ते धड कळत नाही.

चौथ्या खंडापर्यंत, म्हणजे ‘द शॅडो रायझिंग’पर्यंत (१९९२) मजल मारा आणि मग ठरवा. तोही आवडला नाही तर खुशाल सोडा. याहून चांगलं पुढे फारसं नाही.

प्रश्न : चौथ्या खंडाचं एवढं कौतुक कशासाठी? त्यात तर मोठी लढाईही नाही, असं ऐकलं.

उत्तर : लढाई आहे, पण कौतुक तिचं नाही. (ज्यांना काहीच आधी कळायला नको आहे त्यांनी थेट पुढच्या प्रश्नावर जावं.)

आयेल ही वाळवंटातली लढवय्यी जमात. हे लोक भाला चालवतात पण तलवारीला हात लावत नाहीत, आणि कुणाला ठार करण्याआधी चेहरा झाकून घेतात. तीन खंड आपण हे त्यांचे रीतिरिवाज म्हणून वाचत असतो. मग ऱ्हुइडियन या त्यांच्या पवित्र शहरात नायक रँड काचेच्या खांबांमधून चालत जातो आणि एकेका पावलागणिक एकेका पूर्वजाच्या डोळ्यांनी पाहू लागतो, तेही उलट क्रमाने. आधी अलीकडचा, मग त्याच्या आधीचा, असं करत थेट जुन्या वैभवशाली युगापर्यंत. म्हणजे आधी परिणाम दिसतो, कारण नंतर. हे योद्धे मुळात अहिंसेचं व्रत घेतलेले लोक होते. त्यातल्या एका तरुणाने बहिणीला सोडवताना माणसं मारली, तेव्हा आईने त्याला तोंड झाकायला सांगितलं. खुन्याच्या धडावर आपल्या मुलाचा चेहरा तिला पाहवेना. भाला चालतो कारण त्याने शिकारही करता येते. तलवारीचा उपयोग माणूस मारण्यापलीकडे नाही.

दोन प्रकरणांत एका अख्ख्या समाजाचा इतिहास उलगडतो आणि आधीचे तीन खंड वेगळेच दिसू लागतात. जॉर्डन यांची खरी ताकद ही. ते माहिती पेरतात आणि हजार पानांनंतर वसूल करतात. ‘आय सेडाय’ या जादू जाणणाऱ्या स्त्रियांना शपथेमुळे खोटं बोलता येत नाही. म्हणून त्या खरं बोलूनच दिशाभूल करतात. त्यांचं प्रत्येक वाक्य वकिलाच्या नजरेने वाचा, मजा दुप्पट होते.

प्रश्न : आठव्या खंडात अडकलो आहे. कथा पुढेच सरकत नाही. माझंच काही चुकतंय का?

उत्तर : नाही, कथाच तिथे पेंड खाते. कारण साधं आहे. जॉर्डन प्रत्येक घटना कुणा ना कुणाच्या डोळ्यांतून दाखवतात आणि डोळे वाढवत नेतात. सहाव्या खंडानंतर पाचसहा कथानकं एकाच वेळी चालू असतात. प्रत्येकाला शेदीडशे पानं दिली की खंड भरतो आणि कुणीच कुठे पोचलेलं नसतं. चौथ्या खंडाला जी रीत तारते तीच इथे बुडवते.

सातव्या खंडाच्या (१९९६) शेवटी रँडचा मित्र मॅट याच्या अंगावर भिंत कोसळते. आठव्यात तो दिसतच नाही. थेट नवव्या खंडात, २००० साली, भेटतो. दुसरा मित्र पेरिन, त्याच्या बायकोचं अपहरण आठव्याच्या शेवटाकडे होतं आणि सुटका अकराव्यात. दहावा खंड, ‘क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट’ (२००३), तर सगळ्यात अवघड. नवव्याच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते, आणि दहाव्याचा बराचसा भाग त्याच सुमारास इतर लोक काय करत होते हे सांगण्यात जातो.

उपाय : आठवा आणि नववा वाचा, नवव्याचा शेवट अजिबात चुकवू नका. दहाव्यात सुरुवातीची आणि शेवटाकडची मॅटची प्रकरणं नीट वाचा, शेवटचं प्रकरणही नीट वाचा. पेरिन आणि राजकन्या एलेन यांच्या भागांवरून नजर फिरवलीत तरी चालेल. अकरावा ‘नाइफ ऑफ ड्रीम्स’ (२००५) पुन्हा वेग घेतो. वाचवतच नसेल तर मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग यांच्या आवाजातली ऑडिओ आवृत्ती घ्या. ऐकताना कपड्यांची वर्णनं कमी टोचतात.

प्रश्न : यातली स्त्रीपात्रं सशक्त म्हणायची की चिडकी?

उत्तर : दोन्ही. पुरुषांची जादू विटाळलेली, ती वापरणारा वेडा होणार. त्यामुळे जादूची सत्ता बायकांच्या हाती. कल्पना उत्तम, राजकारणही चोख रंगवलेलं. पण रँडच्या गावच्या नायनीव्हने वेणी ओढणं, कुणीतरी झगा सारखा करणं, आणि ‘पुरुष म्हणजे मठ्ठ’ किंवा ‘बायका कळत नाहीत’ हे दोन्ही बाजूंचं पालुपद इतक्यांदा येतं की संपादकाची कात्री कुठे गेली होती असं वाटतं.

प्रश्न : शेवट दुसऱ्या लेखकाने लिहिला, मग तो खरा मानायचा का?

उत्तर : माना. जॉर्डन २००७ साली गेले. पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन यांना निवडलं. जॉर्डन यांची टिपणं होती, काही प्रसंग लिहून झाले होते, शेवटही त्यात होता. एका खंडाचा बेत होता, त्याचे तीन झाले : २००९, २०१० आणि २०१३. वेग सुधारला, लोंबकळलेले धागे आवळले गेले. मात्र बाराव्यातला मॅट ओळखू येत नाही, विनोद ओढूनताणून आणलेला आहे. तेराव्यात कालक्रम गोंधळवतो : बाराव्यात रँडला भेटून गेलेले त्याचे वडील टॅम इथे पेरिनबरोबर दिसतात. पेरिनचं कथानक मागच्या तारखेपासून सुरू होतं, एवढं ध्यानात ठेवलं की कोडं सुटतं.

प्रश्न : ‘न्यू स्प्रिंग’ कधी वाचायचं?

उत्तर : पूर्वकथा असली तरी सर्वांत आधी नको, पहिल्या खंडातली काही गुपितं फुटतात. पाचवा-सहावा खंड झाला की घ्या. पुस्तक छोटं आहे, आणि मॉइरेन (पहिल्या खंडातली ती गूढ पाहुणी) व तिचा रक्षक लॅन यांचा सहवास पुन्हा मिळतो.