कॉलर बोनच्या सांध्यात पू: टोक कापावेच लागते का?

प्रश्न: वडील ५८ वर्षांचे, मधुमेही. गळ्याच्या खड्ड्याशेजारी, कॉलर बोन छातीच्या मधल्या हाडाला मिळते तिथे सूज आली. सुरुवातीला खांदेदुखी समजून गोळ्या दिल्या. एक्स-रे स्वच्छ होता. तीन आठवड्यांनी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये सांध्यात पू दिसतो आणि हाडाचे टोक कुरतडल्यासारखे झाले आहे. सर्जन टोक कापायचे म्हणतात. नुसता पू काढून भागणार नाही का? हात अधू होईल का?

उत्तर: स्कॅन पाहणाऱ्या सर्जनचा निर्णय अंतिम, पण हाड कुरतडले गेले असेल, तर नुसता चीर देऊन पू काढणे बहुधा अपुरे पडते. सडलेले हाड मागे राहिले की जंतूंना तिथे घर मिळते. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत जखम बरी दिसते, औषध थांबले की पुन्हा वाहू लागते.

या सांध्याचे आवरण घट्ट असते. गुडघ्यासारखे ते फुगत नाही. त्यामुळे पू लवकर हाडात शिरतो, छातीच्या स्नायूंखाली पसरतो किंवा मागे छातीच्या पोकळीत उतरतो. सांध्याच्या अगदी मागे हात आणि मानेकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरा आहेत. सांध्यांच्या एकूण जंतुसंसर्गांत याचा वाटा जेमतेम एक टक्का, म्हणून तो चटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यात दुखणे खांद्याकडे आणि मानेकडे जाते. पहिल्या आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ असला म्हणून निर्धास्त राहू नये. सीटी किंवा एमआरआय लागतोच.

शस्त्रक्रियेआधी रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि सुईने काढलेल्या पुवाचा नमुना जायला हवा. रुग्ण स्थिर असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस त्यानंतरच. बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस (थोडक्यात स्टॅफ) हा जंतू सापडतो. दुखणे महिनोन्महिने रेंगाळलेले असेल तर क्षयरोगाच्या आणि ब्रुसेलाच्या (जनावरांकडून, कच्च्या दुधातून येणारा जंतू) तपासण्याही सांगाव्यात. तिथे आधी औषधांचाच विचार होतो.

शस्त्रक्रियेत रुग्णाला उताणे झोपवून पाठीखाली गुंडाळी ठेवतात. कॉलर बोनच्या आतल्या भागावरून छातीच्या हाडापर्यंत वळणारी चीर घेतात. हाडावरचे आवरण हाडालगतच सोडवतात आणि मागे चपटे धातूचे पाते सरकवून मगच करवत चालवतात, कारण तिथे शिरेला इजा झाली तर रक्तस्राव आवरणे फार कठीण. कापलेले टोक पुढे उचलून सांध्याकडे सोडवत नेले की मागचा भाग नजरेखाली राहतो. बाधा असेल तर छातीच्या हाडाचा कोपरा आणि पहिल्या बरगडीचे आतले टोकही काढतात. कापायचे कुठवर? कापलेल्या कडेवर रक्ताचे बारीक ठिपके फुटेपर्यंत. पांढरे, कोरडे हाड ठेवायचे नाही. त्या कडेचा तुकडाही कल्चरला जातो. कॉलर बोनला पहिल्या बरगडीशी बांधणारा अस्थिबंध निरोगी असेल तर जपतात. तो गेला की उरलेले टोक वर उचलले जाते.

राहिलेली पोकळी हा खरा डोकेदुखीचा भाग. तशीच शिवली तर रक्त आणि पाणी साचून पुन्हा पू होतो. म्हणून छातीचा मोठा स्नायू, पेक्टोरॅलिस मेजर, रक्तपुरवठ्यासकट सरकवून ती भरतात. जखम फार घाण असेल तर काही दिवस व्हॅक्यूम ड्रेसिंग (जखमेत स्पंज ठेवून यंत्राने स्राव ओढून घेणारी पट्टी) आणि स्नायू दुसऱ्या टप्प्यात. उघड्या शिरेवर मात्र स्पंज थेट ठेवायचा नाही. मध्ये न चिकटणारा थर हवाच.

नंतर साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक, त्यात सुरुवात शिरेतून. सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) उतरत नसेल तर पुन्हा स्कॅन. रक्तात स्टॅफ सापडला तर हृदयाचा इको चुकवू नये आणि पाठ दुखत असेल तर मणक्याचा एमआरआय करावा.

हाताबद्दल: दोन-तीन आठवडे झोळी, बोटे, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचे. रोजची कामे बहुतेकांना जमतात. डोक्यावर जड ओझे उचलण्याची ताकद थोडी कमी राहू शकते, गळ्याशी खळगाही राहतो.

प्रश्न: डायलिसिसची नळी त्याच बाजूला आहे. काढावी लागेल?

उत्तर: रक्तात स्टॅफ असेल तर होय. नवी कायमची नळी रक्ताचे कल्चर स्वच्छ आल्यावर, शक्यतो दुसऱ्या बाजूला.

प्रश्न: आईलाही तिथेच गाठ आहे, दुखत नाही. पूच असेल?

उत्तर: बहुधा नाही. उतारवयात, विशेषतः स्त्रियांत, या सांध्याची झीज होऊन टणक फुगवटा येतो. ताप नाही, लाली नाही, ईएसआर (दाह दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) आणि सीआरपी सामान्य असतील तर सुरीची घाई नको. तळहाता-तळपायांवर पुवाचे फोड असतील तर मात्र संधिवाततज्ज्ञांना दाखवा. त्या आजारात सांधा सुजतो, पण त्यात जंतू सापडत नाहीत.