आनंद होत नाही म्हणजे विश्वास कमी आहे का?

प्रश्न : मावशी, मी डिचोली तालुक्यातला. दोन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. चवथीला गणपतीवर माटोळी, म्हणजे रानफळांची चौकट, बांधताना भावानं मला ओसरीवरून खाली उतरवलं. वाड्यावरच्या दुकानात मला सामान मिळत नाही. परवा रात्री दोघांनी वाटेत अडवून पाय मोडायची धमकी दिली. आता बाबा हक्कसोडीच्या कागदावर सही कर म्हणतात. प्रार्थनागटातले सांगतात, हा ख्रिस्तासाठी छळ आहे, आनंद कर. मला आनंद होत नाही, रडू येतं. माझा विश्वास कमी पडतोय का?

उत्तर : नाही रे बाळा. रड. बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रेषित पौल स्वतःच लिहितो, की आशिया प्रांतात आमच्यावर एवढं ओझं आलं की आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत प्रभू येशूचा जीव व्याकूळ झाला होता. डोंगरावरच्या प्रवचनात छळ सोसणाऱ्यांना 'आनंद करा' म्हटलंय खरं, पण ते ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला धीर म्हणून. रडणाऱ्याला दटावायला ते वचन वापरू नये, असं तुझ्या गटाला माझ्या नावानं सांग.

मात्र तू लिहिलेल्या साऱ्या गोष्टी मी एका माळेत ओवणार नाही. आईचं न बोलणं हा छळ नव्हे, तिचं दुःख आहे. आपल्या गोव्यात त्या दुःखाला जुनी मुळं आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडली, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. 1560 साली सुरू झालेलं इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मधली काही वर्षं सोडली तर 1812 पर्यंत चाललं आणि त्यानं नव्या ख्रिस्तावांनाही सोडलं नाही. तुझ्या आईनं हे पुस्तकात वाचलं नसेल, पण आजीच्या तोंडून नक्की ऐकलं असेल. 'मुलगा बाटला' या तिच्या शब्दांमागे ती भीती आहे. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, तेही आठव. काही वर्षांनी त्याही ख्रिस्ताकडे आल्या, म्हणून त्यांचे आधीचे अश्रू खोटे ठरत नाहीत.

मी पेडण्याची. बाप्तिस्म्यानंतर माझ्या आईनं माझं ताट वेगळं केलं. जर्मनचं होतं, चुलीमागे उपडं ठेवलेलं असायचं. मी त्यातच जेवायचे आणि स्वतः धुऊन ठेवायचे. घरात इसवण (सुरमई मासा) आलं की मोठी तुकडी त्याच ताटात पडायची. ते ताट आई जाईपर्यंत वेगळंच राहिलं, आणि मी कधी त्याला छळ म्हटलं नाही.

तेव्हा येत्या चवथीला आरतीत उभा राहू नकोस, पण माटोळीसाठी रानातून कांगलां, माट्टी ही फळं आणून दे, बाजारहाट कर. काही पाळकांना हे पटणार नाही. मला पटतं. आईशी वाद घालू नकोस, तिनं विचारलं तर सौम्यतेनं सांग. प्रेषित पेत्र आपल्या पत्रात तेच सांगतो.

धमकीचं मात्र वेगळं. तिथे गप्प बसू नकोस. फटके मारायला बांधलं तेव्हा पौलानं आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं, पुढे कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली. तूही भारताचा नागरिक आहेस. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दे, पोच घे, सोबत कुणा वडीलधाऱ्याला ने. आणि रात्री त्या वाटेनं एकटा जाऊ नकोस, काही दिवस मावसभावाकडे राहावं लागलं तर राहा. एका गावात छळ झाला तर दुसऱ्यात पळून जा, हे प्रभूनंच शिष्यांना सांगितलंय. आपले गोव्याचे पाद्री संत जुझे वाझ 1687 मध्ये श्रीलंकेला गेले ते मजुराच्या वेषात. डच राजवटीत कॅथलिक पाद्रींना बंदी होती, म्हणून रात्री लपून घरोघर जायचे. पुढे कँडीत हेर समजून त्यांना कैदेत टाकलं. लपले म्हणून कोणी त्यांना भित्रा म्हणत नाही.

राहिला कागद. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा वाटा राखीव असतो. बापाला मर्जीनं निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते, आणि धर्म बदलला म्हणून मुलाचा वाटा जात नाही. पुढे वाटा भावाला द्यावासा वाटला तर खुशाल दे, पण ते तुझ्या मनानं व्हावं, दडपणानं नव्हे. वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. केली असशील तर ती कधी आणि कोणासमोर केली, ते मला लगेच कळव.