गळ्यावर पुटकुळ्या आणि खुंट: रेझर बदलण्याआधी हे करून पाहा

गाल गुळगुळीत होतात, पण गळ्यावर आग होते, लाल पुटकुळ्या येतात आणि तरीही खुंट हाताला लागतात. पाच पात्यांचं रेझर घेऊनही फरक नाही, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते दोष रेझरचा कमी आणि दिशेचा व दाबाचा जास्त आहे.

दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोटांची टोकं गळ्यावर चारी बाजूंनी फिरवा. जिकडे बोट सहज सरकतं ती केसांची दिशा, जिकडे खरखरतं ती उलटी. गालांवर केस बहुधा खाली वाढतात. गळ्यावर मात्र कंठाच्या दोन्ही बाजूंना ते आडवे, तिरके, कधी चक्क वरच्या दिशेने असतात. म्हणजे सवयीने वरून खाली रेझर ओढताना, सुलटा हात (केसांच्या दिशेने) समजून तुम्ही पहिल्याच फेरीत उलटा हात मारत असाल. कागदावर चेहरा काढून बाण आखून ठेवा. हास्यास्पद वाटेल, पण उपयोग होतो.

आता तयारी. कोरडा केस चिवट असतो. पाणी मुरल्यावर तो बराच सहज कापला जातो, पण त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून आंघोळीनंतर दाढी करा, नाहीतर कोमट पाण्याने चेहरा नुसता ओला न करता ओलाच ठेवा. गरम पाणी नको, त्वचा आणखी हुळहुळी होते. ब्रश भिजवून दोनदा झटका, बदामाएवढं क्रीम घ्या आणि थेंब थेंब पाणी घालत मिनिटभर घोळवा. फेस चकचकीत, दाट आणि बारीक हवा. मोठे बुडबुडे दिसले तर पाणी जास्त झालं. निस्तेज आणि कोरडा वाटला तर कमी. बहुतेकांचं इथेच चुकतं: फेस भरपूर दिसतो, पण त्यात ओलावा नसतो आणि पातं अडखळतं. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर क्रीम थोडं जास्त लागतं. ओठांवरची आणि हनुवटीवरची दाढी शेवटी करा. तिथले केस राठ असतात, त्यांना भिजायला तेवढाच जास्त वेळ मिळतो.

पहिली फेरी सुलटी, दोन-तीन सेंटिमीटरच्या छोट्या ओढींनी. दाब शून्य. एकाच साध्या पात्याच्या सेफ्टी रेझरला त्याचं स्वतःचं वजन पुरतं. कोन सापडत नसेल तर रेझरचा माथा गालावर टेकवा, दांडा आडवा धरा आणि तो हळूहळू खाली आणा. केस कापल्याचा कुरकुर आवाज येऊ लागला की थांबा. पात्याचा त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन होतो. गळ्याची कातडी दुसऱ्या हाताने सपाट करा, पण जोरात ताणू नका. ताणलेली कातडी सोडली की कापलेलं टोक आत जातं.

पाच पात्यांची गोम हीच आहे. पुढचं पातं केस किंचित ओढतं, मागचं कापतं, आणि टोक त्वचेच्या पातळीखाली राहतं. केस कुरळे असतील तर ते वळून आतच घुसतात. तुमच्या पुटकुळ्या त्यामुळेच असाव्यात.

दुसऱ्या फेरीला फेस पुन्हा लावा आणि आडवा हात फिरवा. गळ्यावर इथेच थांबा. उलटा हात फक्त गालांवर, तोही त्वचा कुरबुर करत नसेल तरच.

शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. तुरटी तुमची परीक्षकही आहे: जिथे झोंबेल तिथे दाब जास्त पडला. अर्ध्या मिनिटाने धुऊन बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह सध्या बंद. पातं केस ओढायला लागलं की फेका, सहसा चार-पाच दाढ्यांनंतर, आणि तोवर ते टॉवेलने पुसू नका, झटकून वाळवा.

आत्ता ज्या पुटकुळ्या आहेत त्या बसेपर्यंत गळ्यावर ट्रिमरच चालवा, केस मिलिमीटरभर ठेवून. आत वळलेला केस सुईने उकरू नका. पू धरला किंवा गाठ दुखू लागली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.