न्यूयॉर्कच्या मरे हिलमधल्या आर्मेनियन चर्चच्या टाउनहाऊसमध्ये रविवारची उपासना होते का?

नाही, पूर्व ३९व्या रस्त्यावरचं १३८ क्रमांकाचं ते जुनं टाउनहाऊस प्रीलसीचं, म्हणजे धर्मप्रांताचं कार्यालय आहे. उपासनेसाठी पूर्व २७व्या रस्त्यावरच्या सेंट इल्युमिनेटर्स कॅथेड्रलमध्ये जा. मरे हिलमधली अशी अरुंद, उंच घरं एका कुटुंबासाठी बांधलेली. कचेरीला छान पुरतात, भाविकांच्या गर्दीला नाही. मात्र जवळच सेकंड ॲव्हेन्यूवर सेंट वार्तान कॅथेड्रलचा देखणा घुमट दिसेल, ते या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. ते आर्मेनियातल्या एचमियाद्झिनच्या पीठाखाली येतं; ही प्रीलसी १९५७ पासून लेबनॉनमधल्या अंतेलियासच्या, म्हणजे किलिकियाच्या पीठाखाली. फूट कारभाराची आणि राजकारणाची. श्रद्धा, उपासनाविधी दोन्हीकडे एकच.