'एम. कुमरन' पाहून मुलगा किकबॉक्सिंगचा क्लास लाव म्हणतोय, लावू का?

लावा. उत्तर खरं म्हणजे एवढंच, पण ताई, तुम्ही नेमका तोच सिनेमा काढलात म्हणून बसलो लिहायला.

तुमचं म्हणणं असं की बदलीमुळे चेन्नईत आहात, 14 वर्षांच्या मुलाने 'एम. कुमरन सन ऑफ महालक्ष्मी' पाहिला, आता त्याला क्लास हवाय, आणि शेवटच्या फाइटमध्ये दाखवलाय तेवढा मार खरंच बसतो का याची तुम्हाला धास्ती आहे. तेवढा नाही बसत. पण सिनेमात दाखवत नाहीत अशा जागी बसतो.

2004 चा सिनेमा. आम्ही तेव्हा सायन कोळीवाड्याला चाळीत राहायचो. माटुंग्याच्या अरोरा टॉकीजला तमिळ सिनेमे लागायचे, पण हा आम्ही शेजारच्या अण्णाकडे व्हीसीडीवर पाहिला. अण्णा बाजूला बसून संवादांचं हिंदी करून सांगत होता आणि त्याचं हिंदी आमच्या तमिळइतपतच होतं. अडलं काहीच नाही. आईने एकटीने वाढवलेला किकबॉक्सर पोरगा, आई जाते, पोरगा मलेशियात बापाकडे जातो, बाप तिथे कोच, त्याचा वेगळा संसार. 'अम्मा नान्ना ओ तमिला अम्मायी' या तेलुगू सिनेमावरून उचललेला, हे फार नंतर कळलं. आमच्या आईला फक्त त्यातल्या आईचं काम करणारी नदिया आवडली. नदिया लग्न करून गोडबोल्यांकडे आलीय हे कळल्यावर तर ती तिच्याबद्दल घरच्या सुनेसारखं बोलायला लागली.

धाकट्याने ती व्हीसीडी झिजवली. मी आधीपासून क्लासला जात होतो, त्यानंतर तोही यायला लागला आणि सहा महिन्यांत माझ्या पुढे गेला. खोटं कशाला बोलू, त्याच्या पायात जे होतं ते माझ्यात कधीच नव्हतं. म्हणून मी हळूहळू त्याची पॅड धरायला लागलो आणि मग लढतीत त्याच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्याशी त्याला सांभाळायला, उभा राहायला.

2007 ला निवड चाचणी होती. 60 किलोखालचा गट, प्रकार लो किक. म्हणजे मांडीवर नडगीने मारायला परवानगी. कोपर आणि गुडघा चालत नाही. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, मधे एक मिनिट. एका शाळेचा हॉल, भाड्याने आणलेली रिंग, तिच्या एका कोपऱ्यातली फळी दाबली की कुईकुई वाजायची. पहिला राउंड धाकट्याचा. दुसऱ्यात समोरच्याने किक मारायला त्याची डावी मांडीच धरली. एकाच जागी, गुडघ्याच्या वीतभर वर, बाहेरच्या बाजूला. थड. थड. लोकांना यात काही दिसत नाही, टाळ्या डोक्यावरच्या किकला पडतात. मला कोपऱ्यातून दिसत होतं की धाकटा त्या पायावर वजन टाकेनासा झालाय. मधल्या मिनिटात स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, मांडीला हात लावला तर ती लाकडाच्या ओंडक्यासारखी. तो म्हणाला, "दादा, काही झालेलं नाही."

तिसऱ्यात एकदा तो पडला, रेफरीचे आठ आकडे मोजून झाले. पुन्हा उभा राहिला, हात वर, पण डावा पाय मागे ओढत. समोरचा पोरगा नुसता त्याच्याभोवती फिरत होता, त्याला ठाऊक होतं. मी टाइमकीपरच्या टेबलाकडे बघितलं आणि टॉवेल टाकला, म्हणजे आमच्या बाजूने लढत सोडली. टॉवेल कसला, आईचा निळ्या काठाचा पंचा होता.

धाकटा रिंगमधून उतरला तो माझ्याशी न बोलता एकटा बसने घरी गेला. चाळीचे जिने बसून, एकेक पायरी मागे सरकत चढला, हे आईने सांगितलं. आईने मायेने गरम तेल लावून मांडी चोळून दिली. हे मात्र करू नका: मुका मार असा चोळायचा नसतो, आतला रक्तस्राव वाढतो, नंतर तिथे गाठ कडक होऊन बसते. त्याची बसली. डॉक्टरांनी आईला नाही, मला झापलं.

तेव्हापासून गणपतीत, दिवाळीत, कुणाच्या बारशात, कुठेही विषय निघतो. "पॉइंटवर मी पुढे होतो. 38 सेकंद राहिले होते. कुमरन उठला असता की नाही?" अरे, कुमरनचा दिग्दर्शक त्याचा सख्खा भाऊ होता! एम. राजाने सिनेमा केला, जयम रवी हिरो, वडील निर्माते. मोठा भाऊ कट म्हणाला की धाकटा उठून चहा प्यायचा. मला कट म्हणायला एक पंचाच होता.

तर क्लास लावताना हॉल बघू नका, ट्रॉफ्यांचं कपाट तर अजिबात बघू नका. कोचला सरळ विचारा, सर, तुम्ही शेवटचा टॉवेल कधी टाकला होता? "आमची मुलं हार मानत नाहीत" असं उत्तर आलं की चपला घाला आणि निघा. मुलाला आधी मॅटवरच्या प्रकारांत घाला. पॉइंट फायटिंगमध्ये प्रत्येक गुणाला थांबवतात, लाइट कॉन्टॅक्टमध्ये जोर आवरून मारायचा असतो. हेडगार्ड, शिन गार्ड, दातांचं गार्ड मुलाच्या मापाचं घ्या, क्लासमधलं सगळ्यांत फिरणारं नको. रिंगची घाई करू नका, कोच कितीही म्हणाला तरी. स्पर्धेसाठी वजन उतरवायला तर कुणालाही हात लावू देऊ नका.

मुलगा पुढे यात काही करेल का असंही तुम्ही विचारलंय. ऑलिम्पिक समितीने 2021 मध्ये खेळाला पूर्ण मान्यता दिली, पण मान्यता म्हणजे ऑलिम्पिकमध्ये समावेश नव्हे. मुंबईची रितिका सिंग खरी किकबॉक्सर; ती तमिळ सिनेमात आली ती 'इरुधी सुट्रू'मध्ये, बॉक्सर म्हणून. यावरून काय ते समजा.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक, मी 2012 नंतर मॅटवर पाऊल ठेवलेलं नाही, तेव्हा नियम आता बदललेही असतील, क्लासवाल्यांकडून खात्री करून घ्या. दुसरी म्हणजे धाकटा तेव्हा 64 किलोचा होता. चार दिवसांत त्याला 60 वर मीच आणला. गच्चीवर भर उन्हात रेनकोट घालून दोरीवरच्या उड्या, च्युइंगगम चघळत डब्यात थुंकणं, पाणी बंद. ती मांडी दुसऱ्या राउंडला का गेली याचं निम्मं उत्तर तिथे आहे आणि हे मी त्याला अजून तोंडावर सांगितलेलं नाही. तो इथे असतो, वाचेल.

पण 38 नव्हते रे. मी टेबलावरच्या घड्याळात बघून पंचा टाकला होता. 52 होते.