वाचकांचे प्रश्न : येन आणि अर्जुन

प्रश्न : आमच्या भागात टसर रेशमाचे किडे येन आणि अर्जुन या दोन्ही झाडांवर पाळतात. पाने, फुले बरीच सारखी असूनही नाल्याकाठच्या अर्जुनाचे खोड पांढरट, गुळगुळीत, तर माळावरच्या येनाचे काळे आणि भेगाळ का असते? येनाचे बी नाल्याकाठी लावले, तर तो अर्जुनासारखा होईल का?
– एक वाचक, आरमोरी (जि. गडचिरोली)

उत्तर : होणार नाही. येन, म्हणजे इतरत्र ज्याला ऐन म्हणतात तो वृक्ष, आणि अर्जुन हे ‘टर्मिनॅलिया’ या एकाच प्रजातीतल्या (जवळच्या जातींचा गट, genus) दोन वेगळ्या जाती, अगदी जवळचे नातलग आहेत. त्यांचा संकरही होतो. मात्र सालीतला फरक बियाण्यातूनच येतो. जागेचा परिणाम वाढीवर आणि पानांच्या आकारमानावर होतो, जातीची ओळख त्याने बदलत नाही. तुलना करताना झाडांचे वय मात्र सारखे असावे, कारण येनाच्या कोवळ्या खोडावरही मोठ्या झाडासारख्या खोल भेगा नसतात.

फरक जागेचा की वंशाचा, हे ठरवण्याची खात्रीची रीत म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणचे बी एकाच वाफ्यात वाढवणे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ट्यूरेसन यांनी अशाच लागवडीतून दाखवले की, किनाऱ्यावरच्या आणि डोंगरावरच्या एकाच जातीच्या वनस्पती शेजारी-शेजारी वाढवल्या तरी त्यांच्यातले अनेक फरक टिकून राहतात. अशा स्थानिक रूपांना त्यांनी 1922 मध्ये ‘इकोटाइप’ हे नाव दिले.

आता सालीकडे पाहू. येनाची जाड, चौकोनी खपल्यांची साल पानगळीच्या जंगलात दर उन्हाळ्यात लागणाऱ्या वणव्यापासून आतल्या जिवंत थराला वाचवते. अर्जुनाची साल पातळ पापुद्र्यांनी सुटत राहते आणि खाली नवा, फिकट थर दिसतो. ओलसर नदीकाठी वणव्याचा जोर कमी असल्यामुळे तेथे येनासारख्या कवचाची गरज भासली नसावी, हे मला पटते. तरीही प्रत्येक फरकाला उपयोग चिकटवण्याची घाई करू नये. येनाच्या पानाखाली मध्यशिरेवर ज्या ग्रंथी असतात, त्या अर्जुनात देठाच्या टोकाशी असतात. या जागाबदलाचा माळाशी किंवा नाल्याशी काही संबंध आहे, असे म्हणायला मला आधार दिसत नाही.

फळे मात्र अवश्य हातात घेऊन पाहावीत. दोन्हींना पाच पंख असतात, पण येनाचे पंख रुंद व पातळ आणि त्यांवरच्या रेषा आडव्या, सरळ कडेपर्यंत जाणाऱ्या. अर्जुनाचे पंख अरुंद, चिवट आणि रेषा वर वळलेल्या. पान-फूल नसतानाही झाडाखाली पडलेल्या फळांवरून ओळख पटते. याच प्रजातीतल्या कोकणातल्या किंजळाच्या फळाला एक मोठा आणि दोन लहान असे तीनच पंख असतात, तर हिरडा आणि बेहडा यांनी पंख सोडून गर धरला आहे, म्हणून त्यांचे बी प्राण्यांमार्फत पसरते.

आणखी एक गोष्ट टसरच्या लागवडीसाठी महत्त्वाची आहे. रस्त्याकडेला लावलेले अर्जुन पाण्यापासून दूरही उत्तम वाढतात. म्हणजे नाल्याकाठ ही त्याची सक्ती नव्हे, तर आपोआप रुजून टिकण्याची त्याची हक्काची जागा आहे. त्यामुळे माळावर अर्जुन लावता येईल, मात्र पहिले काही उन्हाळे त्याला पाणी द्यावे लागेल. मुरमाड, कोरड्या जागी पाण्याची सोय नसेल, तर येनच लावावा, आणि त्याचे बी तशाच माळावरच्या निरोगी झाडांखालून गोळा करावे.