गर्भपात, खुनाची धमकी आणि नवऱ्याची सही

प्रश्न : वय २६. सतरावा आठवडा चालू आहे. गोळ्या घेत असूनही दिवस राहिले. नवरा तीन महिन्यांपासून वेगळा राहतो. सासूबाई म्हणतात, "ठोके पडतात म्हणजे जीव आहे. पाडलंस तर खुनाची केस टाकू." डॉक्टरही नवऱ्याची सही मागतात. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, खुनाची भीती आधी मनातून काढा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०० मध्येच लिहिलंय, की आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं हा मनुष्यवध नव्हे. गर्भपात मात्र कलम ८८ खाली गुन्हा आहे. त्यातून वाट देतो तो १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, म्हणून त्याच्या चौकटीबाहेर पाऊल टाकू नका.

सासूबाईंच्या भावनेला मी खोटं म्हणणार नाही. ठोके तर सहाव्या-सातव्या आठवड्यातच सोनोग्राफीत दिसतात. पण जीव नेमका कधी येतो, याचं उत्तर आपला कायदा देत नाही. वारसाहक्कात गर्भातल्या मुलाचा वाटा धरतात, तोही ते जिवंत जन्मलं तरच. गर्भपाताच्या कायद्यात मोजतात ते आठवडे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक फसलं हे कारण तिथे मान्य आहे. त्यापुढे २४ पर्यंत दोन डॉक्टर लागतात आणि मोजक्याच कारणांना मुभा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन मुलांच्या आईला २६ व्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने शेवटी नकार दिला. तुमच्या हातात जेमतेम तीन आठवडे आहेत, ते घरच्या वादात घालवू नका.

सही फक्त तुमची लागते. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत नवऱ्याची संमती कायद्याने मागितलेलीच नाही, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असल्या जादा अटींवर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत टोकलंय. तरीही सहीशिवाय नकार मिळाला, तर नकार लेखी मागा आणि सरकारी रुग्णालय गाठा. बारा आठवड्यांपुढच्या गर्भपाताची मान्यता नसलेल्या दवाखान्यात पाऊलही ठेवू नका. तुमचं नाव बाहेर फोडणं हाही गुन्हाच आहे.

एक गोष्ट लपवत नाही : उद्या घटस्फोटाच्या दाव्यात नवरा याला क्रूरता म्हणू शकेल. तो दिवाणी वाद. गोळ्यांचे कागद, तो वेगळा राहत असल्याचे पुरावे आणि धमकीचे मेसेज जपून ठेवा.

आणि मूल ठेवावंसं वाटलं, तर तेही तुम्हीच ठरवायचं. तुमच्या मनाविरुद्ध गर्भ पाडणाऱ्याला कलम ८९ खाली जन्मठेपही होऊ शकते.